कालवा सपाट आहे, सोपा नाही: ग्रॅव्हल सायकलचे दहा महिने

ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मातीच्या वाटांवरही चालणारी जाड टायरची सायकल, घेतली ऑक्टोबर २०२५मध्ये. आता ऑगस्ट संपत आलाय. मीटरवर ३४०० किलोमीटर झालेत, टायरची दुसरी जोडी चालू आहे आणि सीट तिसरी. घेताना डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. दक्षिण फ्रान्समधल्या तुलूजमध्ये आमच्या घरापासून दहा मिनिटांवर कनाल द्यु मिदी हा जुना कालवा, तिथून पाण्याच्या कडेकडेनं थेट समुद्राकाठच्या ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटर. चढ नाही, गाड्या नाहीत, डोक्यावर झाडांची कमान. फोटोत दिसतं ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

सायकल साधी आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे ४० दात्यांचं एकच चक्र, मागे ११ ते ४२, डिस्क ब्रेक, ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर. तिच्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. ती कुठे चालवायची, हे कळायला मात्र निम्मं वर्ष गेलं.

तुलूजपासून पोर-लोरागेपर्यंत साधारण ५० किलोमीटर चक्क डांबरी सायकलवाट आहे. एवढ्यासाठी ग्रॅव्हल सायकल लागतच नाही, बाजारात जायची सायकलही पुरते. पुढे नोरूझ येतं, कालव्याचा सगळ्यात उंच भाग, जेमतेम १९० मीटर. इथून पाणी एका अंगानं अटलांटिककडे आणि दुसऱ्या अंगानं भूमध्य समुद्राकडे उतरतं. ओद जिल्ह्यात शिरलं की डांबर संपतं. कुठे छान दाबलेली बारीक खडी, कुठे गवतातून गेलेली वीतभर पायवाट, तर कुठे मुळंच मुळं. कार्कासोनच्या पुढे एकदा त्या मुळांवरून तीन तास गेले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाचा कप धरताना बोटं बधिर होती. टायरमधली हवा कमी केली तेव्हा कुठे हात वाचले. माझं वजन ५८ किलो, मी आता पुढे २८ आणि मागे ३१ पीएसआय ठेवते. दुकानात त्यांनी ५० भरून दिली होती.

मुळं प्लातानची, म्हणजे चिनार जातीच्या झाडांची. कालव्यावर अशी ४२ हजार झाडं होती, बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेली. २००६मध्ये कार्कासोनजवळ बुरशीचा एक रोग सापडला. तो पाण्यातून आणि मुळांमुळांतून पसरतो, झाड काही वर्षांत उभं वाळतं आणि औषध नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून तो फ्रान्समध्ये आला असं मानतात. हजारो झाडं तोडून जाळावी लागली. जागी दुसऱ्या जातींची रोपं लावली आहेत, पण ती सावली देईपर्यंत माझी निवृत्ती होईल. त्रेबच्या पुढे कमान संपते आणि टकलावर ऊन यावं तसं एकदम उघड्यावर येतो आपण. जुलैत हा पट्टा सकाळी दहाच्या आत संपवायचा.

आता सपाटपणाबद्दल. घाटात आपण पेडलवर उभे राहतो, उतारावर पाय थांबवतो, अंग मोकळं होतं. कालव्यावर यातलं काहीच नाही. उतारच नाही म्हटल्यावर फुकटचा एक मीटरही मिळत नाही, तासन् तास एकाच पवित्र्यात बसून पाय मारायचे. दोन सीटा बदलल्या त्या यापायी. आर्जांसपासून बेझिएच्या दारापर्यंत ५४ किलोमीटर एकही एक्लूज नाही, म्हणजे बोटी वर-खाली करायचे पाण्याचे दरवाजे नाहीत. हा कालवा खोदणाऱ्या पिएर-पॉल रिकेनं इथे पाण्याची पातळी धरून टेकड्यांच्या कडेनं वळसे घेतले. बोटीवाल्यांची सोय झाली, सायकलवाल्याची चांगलीच जिरते. समोर दिसणारं गाव अर्ध्या तासानंही समोरच असतं. रिके स्वतः बेझिएचा. १६६६मध्ये चौदाव्या लुईची परवानगी मिळवली, पदरचा पैसा घातला आणि १६८०मध्ये गेला. कालवा सुरू झाला १६८१ला.

कंटाळून मी फेब्रुवारीत सायकल विकायला काढली होती. मग एका रविवारी रेव्हेलला जाऊन रिगोल धरलं आणि जाहिरात काढून टाकली.

रिगोल म्हणजे पाट. आमच्या सांगलीकडे पाटाच्या कडेनं शाळेत गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. नोरूझला कालव्याला पाणी हवं, ते काळ्या डोंगरातून म्हणजे मोंतान्य न्वारमधून आणलंय. डोंगराच्या पायथ्याशी सँ-फेरेओलचं धरण, १६७२चं, आणि मैदानातून नोरूझपर्यंत जवळजवळ ३८ किलोमीटरचा पाट. रुंदी अशी की नेटानं उडी मारली तर पलीकडे. पाटाच्या कडेनं मऊ मातीची, झाडाखालची, सतत वळणारी वाट. उतार इतका बारीक की कळत नाही, पण पाय हलके वाटतात. मी नेहमी धरणाकडून नोरूझकडेच येते, लबाडी म्हणा हवं तर. पावसानंतर मात्र दोन दिवस थांबा. या लोरागे भागातली माती चिकण आहे, टायर आणि फ्रेमच्या मधे इतकी गच्च भरते की चाक फिरेनासं होतं. मार्चमध्ये दोन किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन चालले आणि काटकीनं चिखल उकरत बसले.

तेव्हापासून कालवा हा माझ्यासाठी रस्ता नाही, दोरी आहे. ती धरून जायचं आणि मन होईल तिथे सोडायची. सगळ्यात आवडतं सोडणं कालव्यावरच्या ओंप्स गावाला. तिथून उत्तरेला मिनेर्व्हुआचे द्राक्षमळे, त्यांतून ट्रॅक्टरच्या पांढऱ्या वाटा आणि शेवटी दोन दऱ्यांच्या मधल्या कड्यावर मिनेर्व गाव. १२१०मध्ये वेढा घालून, चर्चनं पाखंडी ठरवलेल्या कॅथर पंथाच्या सुमारे १४० माणसांना इथे जिवंत जाळलं होतं. शेवटचा चढ गोटे सुटलेला आहे, माझी ४०-४२ची जोडी तिथे कमी पडते. पुढचं चक्र ३६चं असतं तर बरं झालं असतं, हीच सायकलीबद्दलची माझी एक खरी तक्रार.

द्राक्षबाग म्हटलं की आपल्याला मांडव आठवतो. इथल्या जुन्या वेली गुडघ्याएवढ्या, तारेशिवाय, एकेक खुंट सुटा उभा. कारिन्यान जातीचे काही खुंट माझ्या आजीच्या वयाचे असतील. वाटा खाजगी असल्या तरी कुणी हटकत नाही, फक्त बांधावरून जायचं, ओळीत शिरायचं नाही, आणि ट्रॅक्टर दिसला की सायकल बाजूला घेऊन बोंजूर म्हणायचं. एप्रिल ते जुलै फवारणी चालते. गंधकाचा वास आला की ती वाट सोडून दुसरी धरते.

बऱ्याच ठिकाणी बांधाला उपटलेल्या वेलींचे ढीग दिसतात. वाइन खपत नाही, म्हणून सरकारनं हेक्टरी ४००० युरो देऊन वेली काढायला लावल्यात. कोर्बिएरच्या डोंगराळ भागात २०२५च्या ऑगस्टात वणवा पेटला आणि सुमारे १६ हजार हेक्टरवर पसरला. मी एप्रिलमध्ये लाग्रासच्या बाजूला गेले तेव्हा काळ्या टेकड्यांच्या मधे हिरवी पालवी फुटलेले चौकोन होते, ते मळे. लागती द्राक्षबाग आग अडवते, पडीक वावर आग वाढवतं, असं तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हातानंच चौकोन दाखवत सांगितलं. माझं फ्रेंच तेवढ्यापुरतं पुरलं. उन्हाळ्यात वाऱ्याच्या दिवशी डोंगरातल्या वाटा बंद करतात, निघण्याआधी जिल्ह्याचा नकाशा बघायचा.

पंक्चरचं म्हणाल तर गुन्हेगार ओळखीचा निघाला. सराटा! तोच, शेतात अनवाणी गेलं की टाचेत घुसणारा. इथले सायकलवाले त्याला माल्टाचा क्रॉस म्हणतात. जुलैत एकाच दिवशी मागच्या टायरमधून अकरा काटे उपटले. ट्यूबलेसमधल्या चिकानं दहा भोकं बुजवली, अकरावं नाही, कारण तो चीक वाळला होता. सर्व्हिसिंगला दिली तेव्हा नवा भरलाय असं सांगून पैसे घेतले होते. आता दर तीन महिन्यांनी मीच भरते. बाकी खर्च म्हणजे ब्रेक पॅडचे दोन जोड आणि एक चेन.

वारा विसरलात तर सगळं गणित फसेल. कार्कासोन ते नारबोन भागात पश्चिमेकडून सेर्स वाहतो, कधी कधी दिवसचे दिवस. तो पाठीशी घेऊन पूर्वेला जायचं आणि रेल्वेनं परत यायचं. गाडी जवळपास कालव्याला धरूनच धावते. डब्यात सायकलीसाठी आकडे थोडे असतात, रविवारी संध्याकाळी तर भांडणाची वेळ येते. ओतां नावाचा आग्नेयेचा वारा सुटला असेल तर हे सगळं उलटं करायचं. लोक म्हणतात तो माणसाला वेड लावतो. मी तुलूजहून निघून चार तास त्याच्या तोंडावर काढले आहेत, मला पटतं.

पाण्यासाठी ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं सांगितलेली युक्ती सोन्याची आहे. गावात शिरलं की स्मशानभूमी शोधायची. कबरींवरच्या फुलांसाठी तिथे नळ असतोच. वर पाटी वाचून घ्यायची, पिण्याचं नाही असं लिहिलं असेल तर पुढचं गाव. पहिल्यांदा नवऱ्याला फोन करून म्हटलं, स्मशानात बसलेय, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. दुकानांवर भिस्त ठेवू नका. बारा ते दोन गाव झोपतं, सोमवारी बेकरीही.

वाइन चाखायची असेल तर ती सायकल लावल्यावर. चाखून थुंकायची बादली ठेवलेली असते, तिची लाज वाटू देऊ नका. दारू पिऊन सायकल चालवली तरी इथे दंड होतो. मी बाटल्या घेते आणि घरी पाठवायला सांगते. पॅनियरमध्ये, म्हणजे सायकलला अडकवलेल्या पिशवीत, आणलेली एक ओंप्सच्या मुळांवर फुटली, तिचा डाग पिशवीवरून अजून गेलेला नाही.

पुढच्या आठवड्यात मिनेर्व्हुआत तोडणी जोरात असेल. वाटांवर ट्रॉल्यांतून सांडलेली द्राक्षं आणि त्यांच्यावर गांधीलमाश्या. टायर ४५चे मागवलेत. त्यानंतर शिकारीचा हंगाम, रानडुकरांमागे बंदुका घेऊन माणसं झाडीत असतात, म्हणून भडक नारिंगी जाकीटही.