समुद्रापासून आत मुक्काम: भाडं कमी, पण हिशेब पूर्ण करा

समुद्रदर्शनी खोलीत पैसे खोलीचे कमी आणि खिडकीचे जास्त जातात. त्यामुळे हंगामात २५-३० किलोमीटर आतल्या गावातली खोली हा पर्याय चांगलाच, पण सरसकट नाही.

अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, मिनिटांत मोजा. नकाशावरचा वेळ रात्री पाहिला तर फसगत ठरलेली. सुट्टीच्या दिवशी सकाळी १० वाजताचा बघा. खरी कोंडी शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये होते. तिथे रस्ता बहुधा एकच, आणि सूर्यास्तानंतर सगळ्यांना एकदमच परतायचं असतं.

रोजचं येणं-जाणं ६० किलोमीटर आणि गाडीचं ॲव्हरेज १५ धरलं तर ४ लिटर इंधन, वर पार्किंग. चौघं एका गाडीत असतील तर हे सहज वसूल होतं. एकट्याने टॅक्सीने फिरायचं असेल तर बचत तिथेच संपते.

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून निघण्याची वेळ रोज तक्त्यावरून ठरवा. ओहोटीच्या खडकांसाठी गेलात आणि भरती लागली, तर फेरी फुकट.

दुपारी आडवं व्हायला परत येणं जमत नाही, ही मोठी उणीव. शिवाय खाऱ्या वाऱ्याअभावी आत दुपारी जास्त तापतं. बुकिंगआधी दोन गोष्टी विचाराच: बाहेर पाय धुवायला नळ आहे का, आणि ओले कपडे वाळत घालायला दोरी?