वाळवंटातले प्राणी-पक्षी टिपायला: जैसलमेर की कच्छचं छोटं रण?

सोलापुरातून वाळवंटी फोटोग्राफीला निघायचं म्हटलं की फिरून फिरून दोनच नावं पुढे येतात: जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क आणि कच्छचं छोटं रण. मी दोन्हीकडे जाऊन आलोय. रजा आणि पैसे एकाच सहलीपुरते असतील तर काय निवडावं, एवढंच इथे सांगतो. कॅमेरा-लेन्सच्या तपशिलात शिरत नाही, ते तुम्हाला ठाऊकच असणार.

जैसलमेरची ओढ सोलापूरकराला जास्त असते आणि ती साहजिक आहे. १९७९ साली सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य झालं ते माळढोक पक्ष्यासाठी. आता नान्नजला काळवीट भरपूर, खोकड नशिबाने, लांडगा त्याहून मोठ्या नशिबाने. माळढोकाची आशा मात्र जवळजवळ सुटली आहे. हा पक्षी डोळे भरून पाहायचा तर जैसलमेरच. शिवाय चिंकारा, हिवाळ्यात उतरणारी गिधाडं, बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेला सांडा हा वाळवंटी सरडा. प्रजातींची यादी केली तर जैसलमेरचं पारडं जड भरेल, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण फोटो? तिथेच माझं घोडं अडलं.

पार्कातल्या सुदासरी भागात माळढोक दिसतो तो कुंपणापलीकडे, लांबवर. अंतर राखलंच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. वीजतारांना धडकून मरणाऱ्या या पक्ष्याला निदान आपला तरी त्रास नको. अडचण हवेची आहे. रात्रभर गारठलेली जमीन सकाळी नऊच्या सुमारास तापायला लागते. तिच्यालगतची हवा गरम, वरची अजून थंड, आणि त्यातून येणारा प्रकाश सतत हलत राहतो. तापल्या तव्याच्या वरून पलीकडचं थरथरताना दिसावं, तसा सगळा पक्षी थरथरतो. फोकस अचूक, शटर वेगवान, तरी घरी येऊन फोटो मोठा करावा तर डोळा आणि पिसं एकमेकांत विरघळलेली. इथे महागडी लेन्सही कामाला येत नाही. उलट ६०० मिमी पक्ष्याबरोबर ती थरथरही मोठी करून दाखवते. उपाय एकच, अंतर कमी करणं. आणि जैसलमेरला नेमकं तेच आपल्या हातात नसतं.

रणात झळा नाहीत असं नाही. दुपारी तर क्षितिजावर तळंच असल्यासारखं मृगजळ दिसतं. पण तिथली जमीन सपाट, जीप हळूहळू जवळ नेता येते, आणि दसाडा-झैनाबादकडचे चालक जनावराची नजर ओळखून गाडी थांबवतात. रानगाढवांचा कळप हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात इतक्या अंतरावर मिळतो की पाठीवरची गडद पट्टी आणि मानेवरची आखूड, ताठ आयाळ केसन्‌केस येते. ही रानगाढवं देशात दुसरीकडे कुठे फारशी नाहीत. १९७० च्या दशकात त्यांच्यासाठीच ४,९०० चौरस किलोमीटरहून मोठं अभयारण्य राखलं गेलं.

मला सर्वांत जास्त समाधान दिलं ते वाळवंटी खोकडाने. आपल्या माळावरच्या खोकडाच्या शेपटीचं टोक काळं, याचं पांढरं. बिळाजवळ जीप बंद करून गप्प बसलं की तो बाहेर येतो, अंग ताणतो, पुन्हा बसतो. अशा वेळी कॅमेरा जीपच्या कडेवरून जमेल तितका खाली धरावा. बिळाला खेटून मात्र बसू नये.

रणाचा त्रास म्हणजे धूळ. खारट, पिठासारखी बारीक, कुठेही शिरणारी. मैदानात लेन्स बदलायची नाही हा नियम पाळला, तर तेवढं निभावतं. प्रवासाचं म्हणाल तर अहमदाबाद गाठलं की पुढे दोन-अडीच तास. जैसलमेर त्यामानाने फारच आडबाजूला. खिचनच्या करकोच्यांनाही जायचं असेल, तर मात्र राजस्थानचा फेरा वसूल होतो.

माळढोक पाहणं हीच इच्छा असेल तर जैसलमेरला जा, चांगली दुर्बीण घ्या आणि फोटोची आस बाजूला ठेवा. भिंतीवर लावण्याजोगा फोटो हवा असेल तर, माझ्यापुरतं तरी, रण. डिसेंबर-जानेवारीत जा. पावसाळ्यात रणात पाणी भरतं, अभयारण्यही बंद असतं. जीप ठरवतानाच सांगून ठेवा की उजाडायच्या आत निघायचं, चहा-नाश्ता नंतर.