सोसायटीच्या कामाला एआय मदतनीस: चार महिने वापरून झाल्यावर

आमच्या ठाण्यातल्या ४८ सदनिकांच्या सोसायटीची मी तीन वर्षं मानद सचिव आहे. पत्रव्यवहार आवरेना म्हणून एका एआय मदतनिसाची वर्गणी घेतली, महिना ४९९ रुपये. उपविधींची, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नियमांची, मराठी प्रत त्यात चढवली की तो त्यावरून उत्तरं देतो.

इतिवृत्त तो सुरेख लिहितो. माझे दोन तास वाचतात.

नियम सांगायला लागला की मात्र घोळ. बिनभोगवटा शुल्काचंच घ्या, म्हणजे सदनिका भाड्यानं दिली की सोसायटी मालकाकडून घेते ते. २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. यानं एका सभासदाच्या पत्रात लिहिलं, ‘१० टक्के शुल्क आकारणे सोसायटीवर बंधनकारक आहे.’ अहो, बंधन आहे ते जास्त न घेण्याचं! पत्र न वाचता सही केली असती तर पुढच्या सभेत त्या सभासदाला मी काय तोंड दाखवलं असतं?

दुसरी गोष्ट भाषेची. कायद्याच्या मराठीत ‘समिती सभा बोलावील’ म्हणजे बोलावलीच पाहिजे, आणि ‘बोलावता येईल’ म्हणजे मुभा. यानं सारांशात लिहिलं, ‘समिती लवकरच सभा बोलावणार आहे.’ हुकमाची बातमी करून टाकली.

सगळ्यात जास्त खटकलं ते पुढचं. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. मी मुद्दाम विचारलं, तारीख उलटली आणि सभा झालीच नाही, तर? उत्तर आलं, ‘मुदत संपल्याने आता बंधन उरत नाही.’ माझी भाची संगणकशास्त्र शिकवते, तिला हे दाखवलं. ती म्हणाली, मावशी, हे जुनं कोडं आहे. रॉडरिक चिझम या अमेरिकी तत्त्वज्ञानं १९६३ साली मांडलेलं. एक कर्तव्य मोडलं की त्यातूनच दुसरं उभं राहतं, आणि हे साध्या तर्कशास्त्राच्या सूत्रांत नीट बसत नाही. सचिवाला ते कोडं रोजचंच आहे. सभा चुकली तरी ती घ्यायची असतेच, वर उशिराचा जाबही द्यावा लागतो.

भाचीनं एक युक्ती दिली. प्रत्येक नियम ‘करायलाच हवं’, ‘करता येईल’, ‘करू नये’ अशा तीन रकान्यांत मागायचा, शेजारी उपविधीतलं मूळ वाक्य जसंच्या तसं. तेव्हापासून चुका बऱ्याच कमी झाल्या, आणि झाली तर शेजारच्या वाक्यावरून लगेच पकडता येते. हे रकाने त्या कंपनीनं आधीपासूनच द्यायला हवे होते.

पाचपैकी तीन तारे. इतिवृत्तासाठी जरूर घ्या. थकबाकीची नोटीस किंवा शुल्काचं पत्र असेल तर उपविधी शेजारी उघडे ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा. मुदत चुकल्याचे प्रश्न मी अजून जिल्हा हाउसिंग फेडरेशनलाच फोन करून विचारते.