छोटा मेकॅनिकल कीबोर्ड: ६० की ६५ की ७५?

ओळखीतले दोघंतिघं सध्या छोटा मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक कीखाली वेगळा स्विच असलेला कीबोर्ड घ्यायच्या विचारात आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, ६० टक्के घेऊ, ६५ घेऊ का ७५. टक्के म्हणजे पूर्ण कीबोर्डच्या मानाने ढोबळ आकार: ६० मध्ये बाणांच्या कीज नाहीत, ६५ मध्ये आहेत, ७५ मध्ये वर एफ कीजची रांगही. तिन्ही वापरून झालेत माझे, ६० आणि ६५ स्वतःच्या खिशातून आणि ७५ ऑफिसातल्या एकाचा महिनाभर उसना आणून. स्विच कुठला, लाइट किती रंगांचे, वायर का ब्लूटूथ हे तुम्ही बघितलेलं असणारच, त्यात शिरत नाही. टकटक वाजणाऱ्या ब्लू स्विचबद्दल फक्त एवढंच, बँकेच्या काउंटरवरच्या टीव्हीएस गोल्ड कीबोर्डचा आवाज आठवा आणि तो रात्री साडेअकराला वन बीएचकेमध्ये कसा वाटेल बघा.

आधी माझा वापर सांगतो, कारण निकाल तिथेच लागलाय. दिवसा कोड, रात्री मराठी. गणपतीच्या आसपास एका छोट्या दिवाळी अंकाची प्रुफं माझ्याकडे येतात, आणि टायपिंग इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना कीबोर्डवर स्वतःच्या ठरलेल्या जागा असलेल्या लेआउटमध्ये. तुम्ही इंग्रजी अक्षरं मारून मराठी उमटवणारे असाल तर खालचं निम्मं रडगाणं तुम्हाला लागू नाही.

तर ६०. दिसायला एक नंबर, टेबलावर ठेवला की टेबल मोठं झाल्यासारखं वाटतं, बॅगेत सहज जातो, आणि पहिले चार दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. मग प्रुफं आली. आता प्रूफ सुधारताना माणसाचा हात कुठे असतो, तर बाणांवर. 'कि'चं 'की' करायचं म्हणजे बाणाने जाऊन अक्षराच्या बरोब्बर उजवीकडे उभं राहायचं, एकदाच बॅकस्पेस, नुसती वेलांटी जाते आणि क राहतो, मग दुसरी वेलांटी द्यायची. चुकून डिलीट मारलं तर वर्डमध्ये अख्खं अक्षर उडतं. एका पानात असं वीस-पंचवीस वेळा, कधी जास्त, लेखक कोण आहे त्यावर. आणि ६० मध्ये बाणच नाहीत, एफएन नावाची की धरून दुसरी की दाबायची.

माझ्या बोर्डवाल्यांनी त्यावर हुशारी केली होती. उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या चार कीज डबल ड्यूटीवर, एक कॉम्बिनेशन दाबलं की त्या सरळ बाण होतात आणि परत दाबलं की मूळपदावर. ऐकायला मस्त आहे ना? पण वरचा बाण ठेवला होता स्लॅशच्या कीवर, आणि इनस्क्रिप्टमध्ये स्लॅशवर कोण बसलंय, तर य. म्हणजे बाण हवे असतील तर य नाही आणि य हवा असेल तर बाण नाहीत. मोड बदलायला विसरलो की 'विषय' लिहायला जावं तर 'विष' उमटायचं, कर्सर टुणकन वरच्या ओळीत आणि पुढचं सगळं वाक्य तिथल्या मजकुराच्या पोटात. मी प्रुफाकडे बघून टाइप करतो, स्क्रीनकडे नाही, त्यामुळे दीड ओळ झाल्यावर कळायचं. एकदा तर दुसऱ्याच्या लेखात असा घुसलेला तुकडा संपादकांपर्यंत गेला, त्यांनी प्रेमाने विचारलं, हे कवितेचं आहे का?

मराठीत य शिवाय दोन वाक्यं लिहून बघा.

६० वाले म्हणतील की सवय होते. होत असेल, खोटं नाही म्हणत, १९९६ साली जपानमध्ये आलेल्या हॅपी हॅकिंग कीबोर्डलाही बाण वेगळे नव्हते, एफएन धरूनच होते आणि लोकांनी त्यावर जीव लावला. पण ती मंडळी बहुतेक कोड लिहिणारी, त्यांना ऱ्हस्व-दीर्घ नसतं. कॅप्सलॉकला एफएन करून बाण आयजेकेएलवर आणा असंही सांगतात, ते मी पुढे ६५ वर मुद्दाम करून बघितलं, घरी जमलं, पण ऑफिसच्या लॅपटॉपवर बोट तिथेच जायचं आणि अर्धी मेल कॅपिटलमध्ये.

मग मी पट्टी घेऊन बसलो. एक साधी की म्हणजे १९ मिलिमीटर आणि थोडंसं वर. ६० ची रुंदी १५ कीज, ६५ ची साधारण १६. म्हणजे ज्या जागेसाठी मी बाण सोडले ती जागा जेमतेम दोन सेंटिमीटर! तेवढी तर माझ्या चहाच्या कपाखालची ताटली जास्त खाते.

६५ मध्ये सगळं गोड आहे असं नाही. बाण बसवायला उजवी शिफ्ट छोटी केलेली असते आणि इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, म्हणजे आ, इ, ए साठी उजवीच शिफ्ट लागते, त्यामुळे पहिला आठवडाभर दर 'आ'ला माझं बोट बाणावर आदळायचं. पण ती चूक माझी होती, बोट वळलं आणि थांबली. कोपऱ्यात एस्केप असल्यामुळे बॅकटिकला (` या चिन्हाला) एफएन लागतं, जावास्क्रिप्टवाल्यांना खटकेल. मराठीला नाही खटकत, त्या कीवर इनस्क्रिप्टमध्ये दक्षिणेकडच्या भाषांचा ऱ्हस्व ओ आहे, आपल्याला तो लागत नाही.

७५ बद्दल वाईट बोलायला मला फारसं सापडत नाही. रुंदीला ६५ एवढाच, वर एफ कीजची एक रांग. दिवसभर एक्सेलमध्ये एफ टू, एफ फोर करत असाल किंवा डीबगरमध्ये एफ टेनवर बोट ठेवून जगत असाल तर सरळ ७५ घ्या, माझं ऐकू नका. माझी अडचण एवढीच की प्रुफांचा गठ्ठा मी कीबोर्ड आणि मॉनिटरच्या मध्ये ठेवतो, ती एक रांग वाढली की कागद मॉनिटरच्या पायावर चढतात. आणि एफ कीज मला दिवसातून चार-पाच वेळा लागतात, तेवढ्याला एफएन धरायला माझी हरकत नाही. बाणांना होती. तुमचं टेबल खोल असेल तर हा मुद्दाच उरत नाही म्हणा.

सध्या दीड वर्ष ६५ वर आहे आणि बदलावासा वाटलेला नाही. ६० भाच्याला दिला, तो गेम खेळतो, त्याला य लागत नाही. तरी तुमचा जीव ६० वरच असेल तर घेण्याआधी फोटोत उजव्या शिफ्टच्या लगेच डावीकडची की झूम करून बघा, प्रश्नचिन्हाशेजारी बाण छापलेला दिसला तर तो कायमचा बंद करता येतो का ते विक्रेत्याला विचारून घ्या.