कमोडोर ६४ की अमिगा? घरी म्युझिक करायला भारी कोण

१९८२ चा कमोडोर ६४ आणि १९८५ चा अमिगा, दोन्ही कमोडोर कंपनीचेच घरगुती कॉम्प्युटर, पण आवाज काढायची पद्धत पार वेगळी. कमोडोर ६४ च्या सिड या साउंड चिपमध्ये एका वेळी फक्त ३ आवाज, म्हणजे पूर्ण कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन सूर) वाजवला की बेस आणि ड्रमला जागाच उरत नाही, मग पोरं काय करायची तर कॉर्डचे सूर एकाच चॅनलवर इतके भराभर फिरवायची की कानाला ते एकत्रच वाजल्यासारखे वाटायचे, आणि तोच थरथरता आवाज त्या मशीनची ओळख झाला. आवाजाचा पोत बदलणारा फिल्टर अॅनालॉग, दर चिपमध्ये थोडा वेगळा, त्यामुळे तेच गाणं दोन मशीनवर जरा वेगळं वाजायचं.

अमिगाच्या पॉला चिपला ४ चॅनल, ८ बिट, खरे रेकॉर्ड केलेले सॅम्पल, म्हणजे आवाजाचे छोटे तुकडे. १९८७ ला अल्टिमेट साउंडट्रॅकर हा प्रोग्राम आला आणि कोड न लिहिता नुसत्या सुरांच्या ओळी भरून गाणं व्हायला लागलं, पुढे मॉड फाइलमध्ये गाण्यासोबत त्याचे सॅम्पलपण, म्हणजे दुसऱ्याचं गाणं उघडून बघा (आणि ढापा पण). हेडफोन मात्र नको, २ चॅनल पूर्ण डावीकडे, २ उजवीकडे, डोकं उठतं.

शिकायला अमिगा सोपा, वादच नाही. पण मला विचाराल तर सिडच, तिथे ड्रमसुद्धा स्वतः घडवावा लागतो.