चार फ्रायर आणि ठाणे: वारसा फेरीचा अनुभव

तलावपाळीहून रविवारी सकाळी निघणारी ही वारसा फेरी मी केली ती १३२१ सालच्या चार फ्रान्सिस्कन फ्रायरांसाठी, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातल्या भिक्षूंसाठी. माणशी ३०० रुपये, अडीचेक तास, बोलणं सगळं मराठीत. आम्ही ठाण्याचे ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे इथलेच मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती, त्यामुळे नावं लहानपणापासून कानावरची: तोलेन्तिनोचा थॉमस, पदुआचा जेम्स, सिएनाचा पीटर, तिफ्लिसचा दिमित्रियस. चीनला निघाले होते, ठाण्यात मारले गेले, धर्मासाठी हुतात्मे झाले. आमच्या घरात गोष्ट इथेच संपायची.

सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या बाहेर उभं राहून मार्गदर्शक ताईंनी ती पुढे नेली. हे चौघे इथल्या एका नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या) ख्रिस्ती घरी उतरले होते. त्या घरात नवऱ्याने बायकोला मारलं, बाई काझीकडे दाद मागायला गेली आणि साक्षीसाठी पाहुण्यांना बोलावणं आलं. तिथे प्रश्न धर्मावर गेले, पैगंबरांविषयी काय वाटतं ते विचारलं गेलं, आणि उत्तर जिवावर बेतलं. पुढे ओडोरिक नावाचा फ्रायर त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला. त्याच्या वृत्तान्तात आणखी एक गोष्ट आहे: दिल्लीच्या बादशहाला हे कळल्यावर त्याने ठाण्याच्या अधिकाऱ्यालाच मृत्युदंड दिला. चौघांचं मरण खरं आणि भयंकर. पण मुसलमानी अंमलात ख्रिस्ती बाई न्याय मागायला काझीकडे जात होती, हेही तितकंच खरं. हुतात्म्यांची गोष्ट सांगताना हा भाग गाळला, की तिचं हत्यार होतं.

पुढचा थांबा कौपिनेश्वराचं देऊळ, आणि माझ्यासाठी तोच सगळ्यात अवघड. पोर्तुगीज अंमलात साष्टी-वसईत देवळं पाडली गेली. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मबाह्य वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. ठाणं मराठ्यांनी १७३७ साली घेतलं; आजचं देऊळ त्यानंतर, १७६० च्या सुमाराला सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी उभारलं. माझे पूर्वज ख्रिस्ती झाले ते याच पोर्तुगीज अंमलात. ताईंनी हे सांगताना आवाज चढवला नाही आणि माझ्याकडे बघून शब्द मऊही केले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

फेरीत अमेरिका नव्हती, ती माझ्या डोक्यात होती. माझी नणंद ह्यूस्टनला असते. दुकानदार ‘मेरी ख्रिसमस’ म्हणत नाहीत, शाळेत प्रार्थना होत नाही, आपला छळ चाललाय, असे निरोप ती सतत पाठवते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली मना केली ती सरकारने लिहून दिलेली शाळेतली प्रार्थना. मुलाने स्वतःहून प्रार्थना करायला बंदी नाही. ज्या देशात निम्म्याहून जास्त लोक ख्रिस्ती आहेत, तिथे फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ‘ख्रिस्तीविरोधी पक्षपात’ निपटायला हुकूम काढून न्याय खात्यात कृती दल नेमलं. छळ झालेल्यांच्या मागे सरकारचं न्याय खातं असं उभं राहत नाही. आणि या गाऱ्हाण्यावर मतं मागितली जातात, तेव्हा ओडिशातल्या मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये दोन मुलांसह जाळलेल्या मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांचं किंवा २००८ साली तिथल्याच कंधमालमध्ये ख्रिस्तींवरच्या हल्ल्यांत घरं सोडून पळालेल्या लोकांचं दुःख हलकं होतं. मला याचा राग येतो.

शेवटी सेंट्रल जेलच्या भिंतीशी, म्हणजे जुन्या किल्ल्याशी, एका मुलाने तळोज्याच्या तुरुंगात ठेवलेल्या जेझुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामींबद्दल विचारलं. पार्किन्सनने हात थरथरायचे, पाणी प्यायच्या सिपरसाठी कोर्टात जावं लागलं, जुलै २०२१ मध्ये कोठडीत असतानाच ८४ व्या वर्षी गेले. ताई म्हणाल्या, “त्यांच्यावर यूएपीए, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा, लावला होता तो माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपावरून. त्यांचं काम होतं आदिवासींमधलं. त्यांना ख्रिस्ती हुतात्मा म्हणण्याआधी ते काम बघा.” मला हे पटलं. मी त्यांच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थनाविधी) दिली होती, पुन्हा देईन, पण आदिवासींचं नाव घेऊन.

तक्रारी सांगते. माइक नाही, बाजाराच्या बाजूला हॉर्नमध्ये निम्मं बोलणं वाहून जातं, मागे राहू नका. ज्येष्ठांना बसायला सोय फक्त तलावापाशी. वसई मोहीम दोन वाक्यांत उरकली, तिला एक थांबा हवाच. आमच्या गटात कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गातली तीन मुलं होती आणि एक काका कपाळावर टिळा लावून आलेले. मुलांनीही आणि काकांनीही शेवटपर्यंत प्रश्न विचारले. पाण्याची बाटली आणि टोपी घ्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली तारीख मिळाली तर तीच धरा.