मराठी अर्थाचं छोटं मेघदूत: वाचायला छान, टिपांमध्ये मात्र नदीच चुकली

हिंदी अर्थासह कालिदासाचं मेघदूत इंदूरात कुठेही मिळतं. मराठी अर्थाची ही छोटी प्रत खजुरी बाजारात आली आहे. डाव्या पानावर श्लोक, समोरच अर्थ. पान उलटावं लागत नाही. चरण सुट्या ओळींत आहेत आणि यतीच्या, म्हणजे थांब्याच्या, जागी बारीक दंड (उभी रेघ): कश्चित्कान्ता । विरहगुरुणा । स्वाधिकारात्प्रमत्तः. मंदाक्रांता या वृत्ताची चरणाला सतरा अक्षरं, थांबे चार, मग सहा, मग सात अक्षरांवर. पहिली चारही गुरू, म्हणून पाऊल जड पडतं; मग पाच लघू एका दमात सुटतात. शापामुळे बायकोपासून दूर पडलेल्या, ढगाकरवी तिला निरोप धाडणाऱ्या यक्षाची तगमग आधी कानाला कळते, अर्थ मागून येतो. दंड न पाळता वाचाल तर हे सगळं हातचं जाईल.

घोळ टिपांमध्ये आहे. पूर्वमेघात, म्हणजे काव्याच्या पहिल्या भागात, पाणी आटून वेणीएवढी बारीक झालेली, गळलेल्या पानांनी फिकुटलेली एक नदी येते. नवरा परगावी असलेल्या बाईची ती एकवेणी, तो येईपर्यंत न सोडलेली एकच वेणी. टीप म्हणते, ‘सिंधू: पंजाबातील महानदी’. विदिशेहून उज्जैनला निघालेला ढग पंजाबात कशाला जाईल? जुना टीकाकार मल्लिनाथ इथे निर्विंध्या ही माळव्यातलीच नदी मानतो. काही अभ्यासक देवास जिल्ह्यात उगम पावणारी काळी सिंध धरतात. माळव्यातली नदी ज्येष्ठात अशीच रोडावते, म्हणून तर उपमा बसते. बर्फाच्या पाण्यावर उन्हाळ्यात फुगणारी सिंधू आणली की विरहच वाहून जातो!

उत्तरमेघात उंबऱ्यावरची फुलं जमिनीवर मांडत यक्षपत्नी उरलेले महिने मोजते. अर्थाच्या पानावर छापलंय, ‘दारात फुलांची सजावट करते’. मोजणं गेलं, मग राहिलं काय? शाप वर्षाचा, उरलेत चार महिने. विष्णू शेषशय्येवरून उठला, म्हणजे कार्तिकी एकादशी आली, की सुटका. यक्षाला ढग दिसला तो आषाढाचा पहिला दिवस (‘प्रथमदिवसे’) की शेवटचा (‘प्रशमदिवसे’), हा वाद याच हिशेबातून निघाला. आषाढाच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर अमावास्येला महिना संपवणाऱ्या अमान्त पंचांगानं चार महिन्यांवर दहा दिवस जास्त भरतात, पौर्णिमेला संपवणाऱ्या, माळव्यातल्या पौर्णिमान्त मोजणीनं पंचवीस. पुस्तकात दोन्ही पाठ आहेत, कारण नाही.

नकाशा नाही. शिलाई कच्ची, सपाट उघडलं की मधली पानं सुटतात. पाठांतरासाठी घ्या. अर्थ लावायचा असेल तर मल्लिनाथाची संजीवनी टीका असलेली प्रत शोधा. ती टीका अन्वयाच्या, म्हणजे सरळ वाक्याच्या, क्रमानं पदं फोडत जाते.